फ्रेंच शिकवायचीच, तर मराठीतून शिकवा

अकरावीत फ्रेंच घेतलेल्या नाशिकच्या मुलाला 'का घेतलीस?' असं विचारून पाहा. उत्तर बहुधा एकच येतं: मार्क पडतात. क्लासवाल्यांनी तेच सांगितलेलं असतं, वरच्या मजल्यावरच्या दादानेही तेच सांगितलेलं असतं आणि आईवडिलांना ते पटलेलं असतं. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत इंग्रजी सक्तीची. दुसऱ्या भाषेच्या रकान्यात मराठी, हिंदी, संस्कृत, फ्रेंच, जर्मन यांपैकी कॉलेजात जे असेल ते घ्यायचं. विज्ञान शाखेत भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याचीही सोय आहे. मराठीचा पेपर म्हणजे रसग्रहण, निबंध, लिहून लिहून हात भरून येणार आणि मार्क मात्र हात आखडूनच मिळणार, अशी सार्वत्रिक समजूत. फ्रेंचचा पेपर म्हणजे रिकाम्या जागा, क्रियापदांची रूपं आणि आधीच घोकून ठेवलेली चार पत्रं. जेईई-नीटच्या क्लासमधून रात्री नऊला घरी येणारं पोर यातलं काय निवडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर मराठीप्रेमी चिडतात आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. शाळांत मराठी सक्तीची करणारा 2020 चा कायदा दहावीपर्यंतच पुरतो. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा कुसुमाग्रजांच्या या गावात पेढे वाटले गेले. आणि पुढच्याच जूनमध्ये त्याच गावातल्या मुलांनी ऑनलाइन अर्जात मराठीवर काट मारली. पण या रागाचं टोक फ्रेंचकडे वळवणं मला मान्य नाही. एकाच रकान्यात दोन भाषा कोंबून त्यांची झुंज लावली ती व्यवस्थेने, त्यात फ्रेंचचा काय दोष? माझी तक्रार तर उलटी आहे. नाशिकच्या कॉलेजांत फ्रेंच फार झाली नाही, फार कमी आहे. ज्याला आपण फ्रेंच म्हणतो तो दोन वर्षांचा एक पेपर आहे. बारावीचा निकाल लागला की पुस्तकं रद्दीत जातात. ज्याला ती भाषा पुढे विशेष विषय म्हणून शिकायची आहे, तिचं साहित्य वाचायचं आहे, त्याला बहुतेक वेळा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते.

तासांचा हिशेब घ्या. युरोपात भाषेच्या पायऱ्या ए-1 पासून सी-2 पर्यंत मोजतात. कादंबरी शब्दकोश बाजूला ठेवून वाचायची, तर बी-2 ला, म्हणजे चौथ्या पायरीला तरी पोचावं लागतं आणि तिथवर जायला साधारण 500 ते 600 तास शिकवणी लागते. नव्या शैक्षणिक धोरणाखाली पदवीला परकी भाषा 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणून ठेवली, तर दोन श्रेयांकांचे तास होतात तीस. तीस तासांत माणूस आपलं नाव, वय आणि 'मला कॉफी आवडते' एवढं सांगायला शिकतो. त्याला प्रमाणपत्र मिळतं, कॉलेजच्या मूल्यांकनाच्या अहवालात एक ओळ वाढते आणि तासिका तत्त्वावर नेमलेली शिक्षिका पुढच्या सत्रात असेल की नाही हे तिलाही ठाऊक नसतं.

फ्रेंचची बाजू मांडणारे लोक बहुतेक नोकरीचं बोट दाखवतात. नाशिकला तर हा युक्तिवाद फार सोपा जातो. वाइन म्हटलं की फ्रान्स, आणि भारतातली वाइन म्हटलं की नाशिक. दिंडोरीत शाँदाँ या फ्रेंच कंपनीची वाइनरी आहे. इथल्या मळ्यांत शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या फ्रेंच मातीतल्या द्राक्षांच्या जाती रुजल्या आहेत. पण त्या मळ्यात जाऊन ऐका. छाटणी, फवारणी, साखरेचं प्रमाण, हे सगळं मराठीत चालतं आणि कार्यालयातलं इंग्रजीत. फ्रेंच बाटलीच्या चिठ्ठीवर असते. मोटारींचंही तेच. महिंद्र आणि रेनोची लोगान 2007 साली नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडू लागली, तेव्हा 'आता फ्रेंच शिका, दिवस पालटणार' असं वाटणं साहजिक होतं. 2010 मध्ये भागीदारी मोडली. गाडी पुढे व्हेरिटो नावाने धावत राहिली. कंपन्यांच्या करारांवर अभ्यासक्रम बेतायचा म्हटलं, तर मंडळाची मान्यता येईपर्यंत करार संपलेला असतो.

कॅनडाचं प्रकरण जरा वेगळं. 2023 पासून तिथे फ्रेंच येणाऱ्यांसाठी स्थलांतराची वेगळी निवड सुरू झाली आणि गंगापूर रोडच्या क्लासच्या पाट्यांवरही तिचे पडसाद उमटले. फ्रान्सनेही 2030 पर्यंत 30,000 भारतीय विद्यार्थी घेण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. ज्यांना जायचं आहे त्यांनी खुशाल जावं, त्यासाठी क्लास आहेत आणि ते आपलं काम चोख करतात. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कॉलेजने व्हिसाचा क्लास काढू नये, इतकंच. कॉलेजचं काम दुसरं आहे आणि ते दुसरं कुणी करणार नाही.

ते काम कोणतं, हे कळायला मराठी रंगभूमीकडे वळावं लागेल. देवलांचं 'संशयकल्लोळ' आपल्याला इतकं घरचं वाटतं की ते कुठून आलं हे विचारावंसंही वाटत नाही. ते आलं आर्थर मर्फी या इंग्रजीत लिहिणाऱ्या नाटककाराकडून, आणि मर्फीने मूळ घेतलं होतं फ्रेंच नाटककार मोलिएरकडून. पॅरिसात 1660 साली जन्मलेला संशयी नवरा लंडनमार्गे येऊन आपला फाल्गुनराव झाला. हरिभाऊ आपट्यांनी मोलिएरच्या डॉक्टरवरच्या प्रहसनाचं 'मारून मुटकून वैद्यबुवा' केलं, अत्र्यांनी त्याच्या कंजुषाचं 'कवडीचुंबक'. साने गुरुजींनी, 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिणाऱ्या त्याच गुरुजींनी, व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' ही अजस्र कादंबरी 'दुःखी' नावाने मराठीत आणली. तिच्यातला झाँ व्हालझाँ मराठीत वालजी झाला. आणि आपल्या तात्यासाहेबांनी, म्हणजे कुसुमाग्रजांनी? 'वैजयंती' बेतलेलं आहे फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या बेल्जियन मेटरलिंकच्या नाटकावर, 'बेकेट' झाँ आनुईच्या. म्हणजे ज्यांच्या वाढदिवशी आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, त्यांनीच दोनदा फ्रेंच रंगभूमीचं पाणी गोदावरीत आणून सोडलं.

या मंडळींनी जे केलं ते थोर आहे, त्यात वाद नाही. पण आपल्याकडे आलेली फ्रेंच बहुतांशी इंग्रजीच्या दारातून आली, हेही खरं. इंग्रजांनी फ्रेंचमधलं जे निवडलं तेच आपल्यापर्यंत पोचलं, त्यांनी जे सोडलं ते आपल्यासाठी नव्हतंच. दीडशे वर्षांत ही सवय इतकी अंगवळणी पडली की आज फ्रेंच शिकवतानाही आपण इंग्रजीच वाटेत उभी करतो. पुस्तकातल्या सूचना, व्याकरणाचं स्पष्टीकरण, शब्दांचे अर्थ, सगळं इंग्रजीत. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला एका परक्या भाषेसाठी दुसऱ्या परक्या भाषेचा टोल भरावा लागतो. सुरगाणा-पेठ-कळवणहून नाशिकला शिकायला आलेली मुलं फ्रेंचच्या वर्गात क्वचितच दिसतात. फ्रेंच ही 'उच्चभ्रूंची भाषा' आहे असा आक्षेप घेणाऱ्यांनी तिला उच्चभ्रू कोणी केलं हेही पाहावं.

आणि गंमत अशी की मराठी मुलाला फ्रेंच शिकवायला इंग्रजी ही सर्वांत अडचणीची वाट आहे. निर्जीव वस्तूला लिंग असतं, हे इंग्रजीतून समजावताना मास्तरांचा अर्धा तास जातो. मराठी मूल तर 'तो दरवाजा, ती खिडकी' म्हणतच मोठं झालेलं असतं. तू आणि तुम्ही यांतला फरक त्याला फोड करून सांगावा लागत नाही. याहून सुंदर उदाहरण भूतकाळाचं. आपण 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' म्हणतो, खाणारा तोच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्येही कर्म क्रियापदाच्या आधी आलं की भूतकाळी रूप त्या कर्माप्रमाणे बदलतं. खुद्द फ्रान्समधली शाळकरी पोरं या नियमाने रडकुंडीला येतात. आपल्या मुलांच्या जिभेवर त्याचा भाऊबंद आधीपासून बसलेला आहे आणि आपण तो नियम त्यांना इंग्रजीतून शिकवतो, जिच्यात तो नाहीच!

थेट मराठी-फ्रेंच वाट शक्य आहे का, असं कोणी विचारील. ती एकदा पाडून झालेली आहे. मराठी भाषेचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास झ्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने लिहिला आणि तो पॅरिसात 1920 साली फ्रेंचमध्ये छापला गेला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद 'मराठी भाषेचा विकास' या नावाने 1941 साली दिला. इंग्रजी भाषांतर यायला 1970 उजाडलं. हे पुस्तक असं की ज्याच्या बाबतीत मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या जवळजवळ तीस वर्षं पुढे होता, कारण पुण्यात फ्रेंच जाणणारा एक प्राध्यापक होता. एका माणसाने एवढं होतं.

उलट दिशेने फ्रेंच लोक जास्त चालून आले. गी दलरी या जेझुइट पाद्र्याने तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, ते 1956 साली गालिमारसारख्या मोठ्या प्रकाशनाने काढले; विठ्ठल संप्रदायावरचा त्यांचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1960 मध्ये छापला. गी पॉइत्वाँ पुण्यात येऊन इथलेच झाले. हेमा राईरकरांबरोबर त्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्यांचं प्रचंड भांडार गोळा केलं आणि दया पवारांचं 'बलुतं' व बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' फ्रेंच वाचकांपुढे ठेवलं. त्यांनी मराठी शिकून आपल्या जात्यांची घरघर ऐकली. आपण त्यांच्या भाषेत आयफेल टॉवरची उंची पाठ करतोय. (पाठ्यपुस्तकात बर्फावरची सुट्टी कशी घालवली यावर परिच्छेद लिहायचा असतो. रामकुंडावर न्हायला आलेल्या यात्रेकरूंचं वर्णन करता येईल इतके शब्द पुस्तक संपेपर्यंत आलेले नसतात.)

'बलुतं'चा विषय निघालाच आहे तर साहित्याच्या वर्गाबद्दल बोलू. 2022 चं नोबेल मिळालेल्या आनी एर्नो यांचे आईवडील नॉर्मंडीतल्या इव्हतो या छोट्या गावात किराणा-कम-कॅफे चालवत. 'ला प्लास' या 1983 च्या पुस्तकात त्यांनी वडिलांबद्दल लिहिलं: शिकून वर गेलेली मुलगी, खाली राहिलेला बाप, त्याच्या बोलण्याची तिला वाटलेली लाज आणि त्या लाजेची नंतर वाटलेली लाज. अलंकार नाहीत, उमाळे नाहीत, हिशेबाच्या वहीसारखी कोरडी वाक्यं. दया पवारांच्या 1978 च्या आत्मकथनातही शिकलेला माणूस आपल्या मागे राहिलेल्या माणसाकडे पाहतो. जात आणि वर्ग एक नव्हेत, नॉर्मंडीचा किराणा दुकानदार आणि महारवाडा यांना एका तागडीत तोलता येत नाही, आणि नेमकं तेच वर्गात बोलायला हवं. कुठे साम्य संपतं? लाज कोणी लादली? काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या गावात हा तास जितका जिवंत होईल तितका तो पॅरिसातही होणार नाही. घरातली पहिली पदवी घेणारी मुलं आपल्या वर्गांत बसलेली आहेत. एर्नो त्यांच्याविषयी लिहितात आणि ती मुलं तिकडे फिरकतही नाहीत, कारण त्यांना सांगितलं गेलंय की फ्रेंच म्हणजे अत्तर, फॅशन आणि क्रोसाँ.

फ्रेंच म्हणजे फक्त फ्रान्स, हाही एक गैरसमज आहे. ही भाषा बोलणारे जगात आज सुमारे 32 कोटी आहेत आणि त्यांतले बहुसंख्य आफ्रिकेत. ज्यांच्यावर ती लादली गेली त्यांनीच तिच्यात वसाहतवादाविरुद्धचं तिखट लेखन केलं. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाचा कवी एमे सेझेर त्यांतला अग्रणी. आणि मॉरिशस तर आपलंच आहे. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे घरात क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात, शाळेत मराठी शिकतात आणि गणपती बसवतात. फ्रेंच आणि मराठी एकाच माजघरात नांदतात अशी जगाच्या पाठीवरची ही जागा, आणि तिच्याशी आपल्या फ्रेंच विभागांचा काही संबंध नाही. पॅरिसच्या पत्रमित्रापेक्षा मॉरिशसचा मराठी पत्रमित्र मला जास्त मोलाचा वाटतो.

आता यंत्रं भाषांतर करतात, मग शिकायचं कशाला, हा प्रश्न हल्ली विचारावाच लागतो. इंग्रजी-फ्रेंच जोडीत यंत्र झकास चालतं, कारण शिकायला त्याच्यापुढे डोंगराएवढा मजकूर आहे. मराठी-फ्रेंच जोडीचा थेट मजकूर मूठभर. तो मजकूर माणसांनीच तयार करायचा आहे. आपण केला नाही, तर यंत्रही आपल्याला लंडनमार्गेच पॅरिसला नेणार.

नाशिकच्या इतिहासासाठीसुद्धा फ्रेंच लागते, हे मात्र मी आवर्जून सांगेन. 21 डिसेंबर 1909 ला इथल्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. त्या खटल्यासाठी भगूरच्या सावरकरांना लंडनहून आणलं जात असताना 8 जुलै 1910 ला त्यांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेतली. फ्रान्सच्या भूमीवर पकडलेला माणूस इंग्रजांना परत देणं कायदेशीर होतं का, यावर दोन सरकारांत वाद झाला, तो हेगच्या लवादापुढे गेला आणि 24 फेब्रुवारी 1911 ला निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. या उडीवर आपल्याकडे पोवाडे झाले, भाषणं झाली, दोन्ही बाजूंनी भांडणंही झाली. पण फ्रेंच वृत्तपत्रांनी तेव्हा काय लिहिलं? झाँ झोरेस यांच्या 'ल्युमानिते' या समाजवादी दैनिकाने हे प्रकरण उचलून धरलं, त्यात मार्क्सचा नातू झाँ लाँगे लिहीत होता. ते अंक आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या संकेतस्थळावर फुकट आहेत. सिडकोतल्या मुलाच्या मोबाइलवर ते उघडतात. ते वाचून मराठीत मांडेल असा विद्यार्थी घडवायला आपल्याला जमलेलं नाही. सावरकर आवडोत वा न आवडोत, त्यांच्याविषयीचे मूळ कागद वाचता येणं ही काही एका पक्षाची गरज नव्हे.

मग करायचं काय? सगळ्या कॉलेजांत फ्रेंच काढा असं मी म्हणत नाही. तसं झालं तर पुन्हा तीस-तीस तासांची प्रमाणपत्रंच निघतील. आधी अकरावी-बारावीत मराठीला तिचा स्वतंत्र रकाना मिळावा आणि परकी भाषा तिसरी, ऐच्छिक म्हणून यावी. मार्कांची ओढ कमी झाली की फ्रेंचचे विद्यार्थी घटतील, हे मला दिसतं. घटू देत. उरतील ते भाषेसाठी उरतील. नंतर शहरातल्या एखाद्या जुन्या कॉलेजने, ज्याच्याकडे मराठीचा भक्कम विभाग आहे, अकरावी ते पदवी अशी पाच-सहा वर्षांची सलग फ्रेंच सुरू करावी, मराठी विभागाच्या मांडीला मांडी लावून. शिकवणं मराठीतून, भाषांतर मराठीत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ याच गावात आहे. मराठीतून दूरशिक्षणाची पुस्तकं कशी लिहायची याचा 1989 पासूनचा अनुभव त्याच्याकडे आहे. मराठीतून फ्रेंच शिकवणारं क्रमिक पुस्तक त्याने काढलं तर त्याचा फायदा नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत होईल. 1840 पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात एक कपाट फ्रेंच पुस्तकांसाठी निघायला काय हरकत आहे?

खर्च म्हणाल तर मुख्य खर्च एकाच गोष्टीचा: तासिका तत्त्वावरची नव्हे, कायमची एक जागा. तिथेच सगळं अडतं. 'वर्कलोड' भरत नाही, विद्यार्थी पुरेसे नाहीत, वरून मान्यता येत नाही, ही उत्तरं तयार असतात. संस्था इमारतींना देणग्या मिळवतात, स्वच्छतागृहावरही देणगीदाराचं नाव कोरतात. पहिली पाच वर्षं एका शिक्षकाचा पगार देणगीतून उभा करणं त्यांना जड नाही. वर्गात दहाबारा मुलं आली तरी चालेल. तिसऱ्या वर्षी त्यांना प्रकल्प द्यावा तो जुलै 1910 च्या 'ल्युमानिते'तल्या बातम्या मराठीत आणण्याचा, आणि छापायची जबाबदारी कॉलेजच्या वार्षिक अंकाने घ्यावी.